आवेग कृतीचा की स्वभावाचा? आत्महत्या संशोधनातील आवेगशीलतेचे मोजमाप

आत्महत्येच्या बातम्यांत ‘रागाच्या भरात’, ‘क्षणिक आवेगातून’ असे शब्दप्रयोग वारंवार आढळतात. या शब्दांत दोन निरनिराळी विधाने मिसळलेली असतात. पहिले विधान कृतीविषयी असते : निर्णय आणि कृती यांत फार थोडा वेळ गेला. दुसरे विधान व्यक्तीविषयी असते : ती स्वभावतःच उतावीळ, अविचारी होती. यांपैकी एक खरे असले म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही, हा आत्महत्याविषयक संशोधनातून पुढे आलेला एक महत्त्वाचा धडा आहे. मात्र तो हाती येण्यास अनेक दशके लागली, कारण ‘आवेगशीलता’ म्हणजे नेमके काय आणि ती मोजायची कशी, याविषयी संशोधकांत दीर्घकाळ एकमत नव्हते.

हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला आणि दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण १२.४ होते. त्याच वर्षी महाराष्ट्रातील मृत्यूंची संख्या २२,७४६ म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होती. कोणाला धोका अधिक आहे, रुग्णालयातून घरी सोडताना कोणावर विशेष लक्ष ठेवावे आणि प्रतिबंधाचा पैसा कशावर खर्च करावा, या निर्णयांमागे आवेगशीलतेविषयीची गृहीतके दडलेली असतात. मोजमाप चुकले तर निर्णयही चुकतात.

संकल्पना आणि तिचे शब्द

मानसशास्त्रात आवेगशीलता म्हणजे बाह्य किंवा आंतरिक उद्दीपनाला परिणामांचा विचार न करता, त्वरेने आणि पूर्वनियोजनाविना प्रतिसाद देण्याचा कल, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या व्याख्येत ‘कल’ हा शब्द निर्णायक आहे. एखाद्या प्रसंगी घाईने वागणे ही अवस्था होय. वर्षानुवर्षे, निरनिराळ्या प्रसंगी तसेच वागत राहणे हा व्यक्तिमत्त्वाचा गुणविशेष होय. ताप येणे आणि प्रकृती मुळातच नाजूक असणे यांत जसा फरक आहे, तसाच तो येथेही आहे.

मराठीत या एका संकल्पनेच्या आसपास अनेक शब्द वावरतात. उतावीळ माणसाला वाट पाहवत नाही. अविचारी माणूस परिणामांचा विचार करत नाही. तापट माणूस चटकन चिडतो. धाडसी माणूस जाणूनबुजून जोखीम पत्करतो. चंचल माणसाचे चित्त एका जागी टिकत नाही. हे सर्व शब्द एकाच माणसाला लागू पडतीलच असे नाही. अत्यंत तापट पण व्यवहारात काटेकोर, किंवा धाडसी पण पूर्ण तयारीनिशी पाऊल टाकणारी माणसे सर्वांच्या परिचयाची असतात. बोलीभाषेने फार पूर्वीपासून जपलेला हा भेद संशोधनाच्या प्रश्नावल्यांत मात्र हळूहळू उतरला.

प्रश्नावल्यांचा आरंभ

या क्षेत्रातील सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट बॅरट यांच्या नावाने ओळखली जाते. तिची पहिली आवृत्ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. चिंतातुरता आणि आवेगशीलता हे दोन वेगळे गुण आहेत हे दाखवणे, हा बॅरट यांच्या मूळ संशोधनाचा हेतू होता. आत्महत्या हा त्या वेळी त्यांचा विषय नव्हता. प्रश्नावलीत पुढे अनेक फेरबदल झाले. जिम पॅटन, मॅथ्यू स्टॅनफर्ड आणि बॅरट यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली अकरावी आवृत्ती आज जगभर प्रचलित आहे.

या आवृत्तीत ३० विधाने आहेत. उत्तर देणाऱ्याने प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते हे चार पायऱ्यांवर सांगायचे असते. एकूण गुण ३० ते १२० च्या दरम्यान येतात आणि गुण जितके अधिक तितकी आवेगशीलता अधिक मानली जाते. विधानांचे तीन मुख्य गट पडतात : चित्त एकाग्र न होणे, विचार न करता कृती करणे आणि पुढचे नियोजन न करणे.

ब्रिटनमध्ये हान्स आणि सिबिल आयझेंक यांनी याच काळात वेगळी वाट चोखाळली. १९८५ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ५४ प्रश्नांच्या प्रश्नावलीत आवेगशीलता आणि साहसप्रियता यांचे गुण स्वतंत्रपणे मोजले जातात. धोक्याची जाणीव नसताना कृती करणारा आणि धोका ओळखून तो पत्करणारा, अशी ही विभागणी होती. १९९० मध्ये स्कॉट डिकमन यांनी आणखी एक भेद मांडला. झटपट निर्णय घेण्याने जिथे लाभ होतो ती उपयुक्त आवेगशीलता आणि जिथे हानी होते ती अपायकारक आवेगशीलता, असे दोन प्रकार त्यांनी केले. त्वरा ही सदैव दोषच असते, हे गृहीतक त्यामुळे ढिले झाले.

एका नावाखाली अनेक गुण

या विविध प्रश्नावल्या खरोखर एकच गोष्ट मोजतात काय, हा प्रश्न स्टीफन व्हाइटसाइड आणि डोनाल्ड लायनम यांनी २००१ मध्ये थेट हाती घेतला. उपलब्ध प्रश्नावल्यांतील विधानांचे त्यांनी घटक विश्लेषण केले, म्हणजे कोणती विधाने परस्परांशी जुळतात हे सांख्यिकीय पद्धतीने तपासले. आवेगशीलता या एका नावाखाली किमान चार वेगवेगळे गुण एकत्र कोंबले गेले आहेत, असे त्यातून दिसले.

पहिला गुण भावनिक अधीरता. दुःख, संताप किंवा अपमान यांसारख्या तीव्र नकारात्मक भावनेच्या प्रभावाखाली घाईने कृती करणे, असा त्याचा अर्थ आहे. दुसरा पूर्वविचाराचा अभाव, म्हणजे परिणाम न तोलता पाऊल उचलणे. तिसरा चिकाटीचा अभाव, म्हणजे कंटाळवाणे किंवा अवघड काम अर्धवट सोडणे. चौथा थरार शोधण्याची ओढ. तीव्र आनंदाच्या भरातही काही माणसे अविचाराने वागतात, हे ध्यानात घेऊन पुढे पाचवा गुण जोडण्यात आला. त्यातून ५९ विधानांची विस्तारित प्रश्नावली तयार झाली.

या विभागणीने जुन्या अभ्यासांतील विसंगतींचा उलगडा होऊ लागला. एका अभ्यासात आवेगशीलता आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा दाट संबंध आढळे, तर दुसऱ्यात तो मुळीच दिसत नसे. दोन्ही अभ्यासांचे शीर्षक सारखे असले तरी त्यांनी मोजलेली वस्तू एक नव्हती. एकाने तापटपणा मोजला होता, तर दुसऱ्याने चंचलपणा.

प्रयोगशाळेतील कसोट्या

प्रश्नावली ही अखेर व्यक्तीने स्वतःविषयी दिलेली साक्ष असते. ती टाळण्यासाठी संशोधकांनी वर्तनाच्या कसोट्या घडवल्या. एका कसोटीत पडद्यावर ठरावीक चिन्ह दिसताच बटण दाबायचे असते आणि दुसरे चिन्ह दिसल्यास हात आवरायचा असतो. दुसऱ्या प्रकारात कृती सुरू होत असतानाच थांबण्याचा इशारा मिळतो आणि ती रोखता येते काय हे पाहिले जाते. तिसऱ्या प्रकारात आज मिळणारी लहान रक्कम आणि काही काळाने मिळणारी मोठी रक्कम यांतून निवड करायची असते. अमेरिकेतील आयोवा येथे १९९४ मध्ये मांडल्या गेलेल्या पत्त्यांच्या कसोटीत तात्काळ मोठा लाभ पण अंती तोटा देणारे गठ्ठे आणि थोडा लाभ पण अंती नफा देणारे गठ्ठे यांतून पाने उचलायची असतात.

या कसोट्या वस्तुनिष्ठ असल्या तरी त्यांचे निष्कर्ष प्रश्नावल्यांशी जुळत नाहीत. मेलिसा सायडर्स आणि त्यांच्या सहकारी यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा दोहोंतील सरासरी सहसंबंध केवळ ०.१० च्या आसपास निघाला. पूर्ण जुळणी असती तर हा आकडा १ आला असता. प्रश्नावली माणूस महिनोन्‌महिने कसा वागतो हे विचारते, तर कसोटी सेकंदाच्या अंशात त्याचा हात आवरतो काय हे पाहते. दोन्हींना एकच नाव दिल्याने त्या एकच गोष्ट मोजतात असे होत नाही.

कृतीतील आवेग

व्यक्तीचा स्वभाव बाजूला ठेवून केवळ कृतीतील आवेग मोजण्याची परंपरा स्वतंत्र आहे. ॲरन बेक आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या आत्महत्या-हेतू मापनश्रेणीत पूर्वविचाराच्या मात्रेविषयी एक प्रश्न आहे. मुळीच पूर्वविचार नव्हता, तीन तास किंवा त्याहून कमी काळ विचार होता, तीन तासांहून अधिक काळ विचार होता, असे त्याचे तीन पर्याय आहेत. इतर संशोधकांनी मात्र पाच मिनिटे, अर्धा तास, दोन तास, एक दिवस अशा निरनिराळ्या सीमा वापरल्या. परिणामी ‘आवेगातून झालेल्या प्रयत्नांचे’ प्रमाण अभ्यासागणिक बदलत राहिले.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १३ ते ३४ वर्षे वयोगटातील, जीवघेण्या प्रयत्नातून वाचलेल्या १५३ व्यक्तींचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील २४ टक्के व्यक्तींनी निर्णय आणि कृती यांत पाच मिनिटांहून कमी वेळ गेल्याचे सांगितले. ऑस्ट्रियात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८२ रुग्णांच्या अभ्यासात जवळपास निम्म्यांनी, म्हणजे ४७.६ टक्क्यांनी, त्या वेळचा पहिला विचार आणि प्रत्यक्ष प्रयत्न यांतील काळ दहा मिनिटे किंवा त्याहून कमी असल्याचे नोंदवले.

या आकड्यांचा अर्थ जपून लावावा लागतो. दहा मिनिटे हा शेवटच्या टप्प्याचा कालावधी आहे, दुःखाचा नव्हे. त्यापूर्वी महिने किंवा वर्षे मनात असे विचार येऊन गेलेले असू शकतात. ‘अचानक’ दिसणारी कृती अनेकदा दीर्घ वाटेचे अखेरचे वळण असते. शिवाय ही सर्व माहिती वाचलेल्या व्यक्तींनी घटनेनंतर आठवून सांगितलेली असते.

स्वभाव आणि कृती यांची थेट तुलना करणाऱ्या संशोधनाने महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. स्पेनमधील एन्रिके बाका-गार्सिया आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रयत्नातील आवेग आणि प्रयत्न करणाऱ्याची आवेगशीलता यांत अपेक्षित संबंध आढळला नाही. इतर ठिकाणच्या काही अभ्यासांतूनही असेच दिसले. सावध, विचारी, संयमी म्हणून ओळखली जाणारी व्यक्तीही असह्य वेदनेच्या क्षणी घाईने कृती करू शकते. उलट, स्वभावाने उतावीळ असलेली व्यक्ती दीर्घकाळ आखणी करू शकते.

पुरावा काय सांगतो

आवेगशीलतेला आत्महत्या संशोधनात मध्यवर्ती स्थान मिळाले त्याला जैविक संशोधनाचीही पार्श्वभूमी आहे. स्वीडनमधील मारी ऑसबर्ग यांनी १९७६ मध्ये नैराश्यग्रस्त रुग्णांच्या मेंदू-मेरुद्रवाची तपासणी केली. सेरोटोनिन या रसायनाच्या विघटनातून तयार होणाऱ्या घटकाचे प्रमाण ज्यांच्यात कमी होते, त्यांच्यात आत्महत्येचे, विशेषतः हिंसक स्वरूपाचे, प्रयत्न अधिक आढळले. पुढे हेच रसायन आवेगी आक्रमकतेशीही जोडले गेले.

न्यूयॉर्कमधील जॉन मान आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ३४७ मनोरुग्णांच्या अभ्यासावरून ताण आणि पूर्वप्रवृत्ती यांचे प्रतिमान मांडले. आजार किंवा आघात हा ताण होय. आवेगशीलता आणि आक्रमकता हे पूर्वप्रवृत्तीचे अंग होय. ताण अनेकांना असतो, पण पूर्वप्रवृत्ती असलेल्यांत तो आत्मघाती कृतीत उतरण्याची शक्यता अधिक, असे हे प्रतिमान सांगते. कॅनडातील माँट्रियल येथे ६४५ मृत्यूंच्या अभ्यासातून २००८ मध्ये असे दिसले की, आवेगी आक्रमकता तरुण वयातील आत्महत्यांत अधिक ठळक असते आणि वय वाढते तसे तिचे महत्त्व घटते. डेव्हिड ब्रेंट आणि सहकाऱ्यांनी मनोविकारग्रस्त पालकांच्या ७०१ अपत्यांचा सरासरी साडेपाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत आवेगी आक्रमकतेचा प्रभाव अप्रत्यक्ष दिसला. ती आधी मनोविकाराची वाट सुकर करते आणि मनोविकारामुळे धोका वाढतो.

यानंतर फेरविचार सुरू झाला. डेव्हिड क्लोन्स्की आणि ॲलेक्सिस मे यांनी २०१० मध्ये लष्करातील नवप्रविष्ट, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शालेय विद्यार्थी अशा तीन गटांत व्हाइटसाइड व लायनम यांच्या चार गुणांची तपासणी केली. ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आले होते आणि ज्यांनी प्रयत्न केले होते, त्या दोघांतही भावनिक अधीरता इतरांहून अधिक होती. विचार येणारे आणि प्रत्यक्ष प्रयत्न करणारे यांच्यात फरक दिसला तो पूर्वविचाराच्या अभावाचा. थरारप्रियतेला फारसे महत्त्व उरले नाही.

मायकेल ॲनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून आवेगी स्वभाव आणि आत्मघाती वर्तन यांतील थेट संबंध सौम्य असल्याचे दाखवले. थॉमस जॉइनर यांच्या सिद्धांताच्या आधारे त्यांनी अप्रत्यक्ष मार्ग सुचवला. आवेगी व्यक्तीच्या आयुष्यात अपघात, मारामाऱ्या, इजा यांसारखे वेदनादायी अनुभव अधिक येतात आणि त्यांतून वेदनेची भीती बोथट होत जाते, असा तो मार्ग आहे.

रिचर्ड लियू आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधील विश्लेषणाने वेळेचा मुद्दा पुढे आणला. आयुष्यात कधीही झालेल्या प्रयत्नाशी तुलना केली असता प्रयोगशाळेतील आवेगशीलतेचा संबंध क्षीण दिसतो. प्रयत्नानंतर महिनाभराच्या आत मोजणी केली तर तो बराच ठळक होतो. याचा एक अर्थ असा की, कसोटी स्थिर स्वभावापेक्षा त्या काळातील अवस्था टिपत असावी. मोबाइलवरून दिवसातून अनेकदा प्रश्न विचारणाऱ्या अलीकडच्या अभ्यासांतही आत्महत्येच्या विचारांची तीव्रता काही तासांत लक्षणीय चढउतार करताना दिसली आहे. वर्षातून एकदा भरलेली प्रश्नावली हे चढउतार पकडू शकत नाही.

मृत व्यक्तीचा स्वभाव

मृत्यूनंतर व्यक्तिमत्त्व मोजायचे तर आप्तांच्या मुलाखती, वैद्यकीय कागदपत्रे आणि पोलीस नोंदी यांवर भिस्त ठेवावी लागते. या पद्धतीला मानसशास्त्रीय शवविच्छेदन म्हणतात. ती १९५० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. तिची अडचण उघड आहे. शोकाकुल कुटुंब उत्तर शोधत असते. ‘तो होताच तापट’ हे वाक्य कधी सत्य असते, तर कधी अपराधभाव हलका करणारा आधार असतो. शेवट ठाऊक झाल्यानंतर मागचे सर्व प्रसंग त्या शेवटाच्या प्रकाशात दिसू लागतात.

भारतातील दोन अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहेत. लक्ष्मी विजयकुमार आणि एस. राजकुमार यांनी चेन्नईतील १०० मृत्यूंच्या अभ्यासात ८८ टक्के व्यक्तींमध्ये मनोविकाराचे निदान झाल्याचे १९९९ मध्ये नोंदवले. त्याच राज्यातील वेल्लूरजवळच्या ग्रामीण भागात १०० मृत्यूंचा अभ्यास झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत हे प्रमाण ३७ टक्के होते. आजार आढळला नाही की मृत्यूचे खापर आवेगावर फोडण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु निदान न होणे हा आवेगशीलतेचा पुरावा नव्हे. कर्ज, हिंसाचार, वेदनादायी आजार, मानहानी ही कारणे आजार आणि आवेग या दोहोंच्या बाहेर उभी असू शकतात.

कायद्याचाही परिणाम नोंदींवर होत आला आहे. आत्महत्येचा प्रयत्न दीर्घकाळ गुन्हा मानला गेल्याने अनेक प्रयत्न अपघात म्हणून नोंदवले जात. २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली. जी घटना लपवली जाते, तिच्यामागचा स्वभाव अचूक मोजता येत नाही.

विधान सारखे, आयुष्य वेगळे

परदेशात तयार झालेली प्रश्नावली भारतात आणताना अनुवाद अचूक असला म्हणजे काम संपत नाही. बॅरट प्रश्नावलीत नियमित बचत, नोकरीची शाश्वती, नोकऱ्या आणि घर बदलणे, व्याख्यानात बसल्यावर होणारी चुळबुळ अशा गोष्टींची विधाने आहेत. मध्यमवर्गीय नोकरदारासाठी ही उत्तरे स्वभाव दाखवू शकतील. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबासह स्थलांतर करणारा मजूर मात्र घर बदलतो तो उतावीळ आहे म्हणून नव्हे, तर हंगाम सुरू झाला म्हणून. त्याची बचत होत नाही ती नियोजन नाही म्हणून नव्हे, तर उचल फेडायची असते म्हणून. प्रश्नावली त्याच्या खात्यावर आवेगशीलतेचे गुण जमा करील आणि त्याची परिस्थिती त्याच्या स्वभावाच्या नावे नोंदवली जाईल.

ही अडचण किरकोळ नाही. २०२२ मध्ये देशात आत्महत्येने मृत्यू झालेल्यांत २६.४ टक्के व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. ज्या गटाला सर्वाधिक झळ बसते, त्याच गटात मोजपट्टी सर्वाधिक दिशाभूल करण्याचा संभव असतो. म्हणून अनुवादानंतर प्रश्नावली स्थानिक लोकसंख्येत पुन्हा तपासावी लागते. तीच उत्तरे काही आठवड्यांनी पुन्हा मिळतात काय, ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाते काय, ही सप्रमाणता. पहिली असूनही दुसरी नसू शकते. चुकीचा वजनकाटा दररोज तेच चुकीचे वजन दाखवतो.

भाकिताची मर्यादा

जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. कोणत्याही एका ज्ञात घटकावरून आत्मघाती विचार किंवा वर्तनाचे भाकीत करण्याची क्षमता योगायोगापेक्षा किंचितच सरस असल्याचे त्यांना आढळले. आवेगशीलताही याला अपवाद नाही.

त्यामागचे गणित साधे उदाहरण घेऊन समजते. एका लाख लोकसंख्येत वर्षाला १२ मृत्यू होतात आणि एखादी कसोटी २० हजार व्यक्तींना ‘अतिआवेगशील’ ठरवते, असे समजू. त्या १२ पैकी निम्मे मृत्यू याच गटात झाले असे उदारपणे मानले, तरी २० हजारांपैकी १९,९९४ व्यक्तींच्या बाबतीत इशारा अनाठायी ठरेल. उरलेले सहा मृत्यू, कसोटीने निर्धास्त ठरवलेल्या ८० हजारांत होतील. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. शांत, जबाबदार, आखून-रेखून वागणाऱ्या रुग्णाकडे पाहून ‘हा असे काही करणार नाही’ असा समज डॉक्टर किंवा कुटुंबीयांनी करून घेणे, ही या मोजपट्टीची सर्वांत महागडी चूक ठरू शकते.

याचा अर्थ मोजमाप निरुपयोगी आहे असा नाही. उपचारांची दिशा ठरवताना ते उपयोगी पडते. भावनिक अधीरता तीव्र असलेल्या व्यक्तीला उद्रेकाचा क्षण ओळखण्याची, तो सहन करण्याची आणि थांबण्याची कौशल्ये शिकवता येतात. द्वंद्वात्मक वर्तनोपचार या पद्धतीत अशाच कौशल्यांवर भर असतो. मद्यपान संयम सैल करते, म्हणून त्याची चौकशीही तितकीच आवश्यक ठरते. प्रश्नावली माणसांची वर्गवारी करण्यापेक्षा संवाद सुरू करण्यास अधिक कामी येते.

प्रतिबंधाचा मार्ग

स्वभाव मोजण्याची साधने अपुरी असली तरी प्रतिबंध त्यांच्यासाठी थांबत नाही, हे श्रीलंकेने दाखवून दिले. १९९५ च्या सुमारास तेथील आत्महत्यांचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर दोन दशकांत ते सुमारे ७० टक्क्यांनी घटले. विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात कमी झाली नव्हती. घटले ते दगावणाऱ्यांचे प्रमाण. लोकांचा स्वभाव बदलला नव्हता. त्यांच्या आवाक्यातील घातक साधन बदलले होते.

प्रत्येक उपाय सारखाच परिणामकारक ठरतो असेही नाही. त्याच देशातील अनुराधपूर जिल्ह्यात १८० गावांतील दोन लाखांहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या चाचणीत कीटकनाशके घरी कुलूपबंद पेटीत ठेवण्याच्या उपायाचा लाभ दिसला नाही, असे २०१७ मध्ये जाहीर झाले. आवेगाच्या क्षणी अडथळा उभा करायचा तर तो पुरेसा दूर आणि पुरेसा भक्कम असावा लागतो. भारताने २१ नोव्हेंबर २०२२ रोजी जाहीर केलेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि साधनांची उपलब्धता मर्यादित करणे हा त्या धोरणाचा एक भाग आहे.

या उपायांमागे एक आशादायक वस्तुस्थिती आहे. स्वतःला इजा करून घेतलेल्या व्यक्तींच्या ९० अभ्यासांचा आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांहून अधिक काळानंतरही आत्महत्येने मृत्यू होण्याचे प्रमाण त्यांत सुमारे ७ टक्के होते. म्हणजे वाचलेल्यांपैकी फार मोठी बहुसंख्या पुढे आत्महत्येने मरत नाही. संकटाचा क्षण ओसरतो. तो ओसरेपर्यंत वेळ आणि अंतर मिळवून देणे, सोबत राहणे आणि उपचारांपर्यंत पोहोचवणे यांचे मोल स्वभावाच्या कोणत्याही गुणांकापेक्षा अधिक आहे.

वृत्तलेखनासाठीही यातून एक सूचना मिळते. ‘रागाच्या भरात’ या दोन शब्दांनी मृत व्यक्तीच्या स्वभावावर शिक्का बसतो, दीर्घकाळच्या यातना झाकल्या जातात आणि हे टाळता आलेच नसते असा समज पसरतो. पुरावा त्याच्या उलट आहे. आवेगाचा क्षण अल्प असतो आणि म्हणूनच तेथे हस्तक्षेपाला वाव असतो.

(मानसिक ताण असह्य होत असल्यास किंवा परिचितांपैकी कोणाविषयी चिंता वाटत असल्यास केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र संपर्क साधता येतो. ही सेवा विनामूल्य असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.)